चिंचोक्यांचा डाव

उशी उचलली आणि खालून पत्त्यांचा कॅट निघाला. शरणप्पाचं टाळकंच फिरलं. रविवारची एसटी धरून निलंग्याहून तो लातूरला आला होता, पोराचा फॉर्म भरायला. डॉक्टरकीच्या परीक्षेत अमरेश दुसऱ्यांदा राहिला होता. आता तिसरं वर्ष, पुन्हा रिपीटर बॅच. आणि साहेबांच्या उशाखाली काय, तर पत्ते!

"ह्याच्यापायी मार्क गेले व्हय रे?"

"मार्क आधी गेले, अप्पा. पत्ते मागनं आले," अमरेश म्हणाला. "मला न्हाई बसायचं पुन्हा. घरी न्या मला. मी गिरणी चालवतो."

उमाबाई चिंच फोडत होती, तिचा हात थांबला. दोन वर्षं ती ह्या एका खोलीत राहून पोराला रांधून घालत होती. तिला वाटलं, आता हाणतोय हा. पण शरणप्पा मटकन खाली बसला. दिवाळीला तीन पत्तीत अख्ख्या गल्लीला नमवणारा माणूस तो, त्याला दुसरं काय सुचणार?

"काय खेळतोस ह्यात?"

"पोकर."

"शिकव मला. तू जिंकलास तर आजच चल निलंग्याला. मी जिंकलो तर गप फारमवर सही करायची."

उमाबाईपुढचे चिंचोके दोघांनी वाटून घेतले. अमरेशनं समजावलं. दोन पत्ते ज्याचे त्याच्या हातात, पाच मधे उघडे, मिळून ज्याचं भारी त्याचा डाव. "आन् अप्पा, चांगला खेळणारा लई डाव सोडूनच देतो. पत्ता हलका दिसला की पालथा टाकायचा. आधी मधे किती घातलं ते बघायचं न्हाई. ते गेलं."

"गेलं कसं? आपलंच हाय की ते!"

आणि तसाच खेळला गडी. एकदाही पत्ते टाकले नाहीत. अर्ध्या तासात त्याच्यापुढं मूठभर चिंचोके उरले.

"हा डाव शेवटचा," तो म्हणाला. "हा जिंकला तो जिंकला."

मधले पाचही पत्ते उघडले. अमरेशनं आपल्या हातातले दोन पुन्हा एकदा पाहिले. शरणप्पानं मिशीवरून हात फिरवला. हातात काही नसलं की तो मिशीवरून हात फिरवतो, हे सगळ्या निलंग्याला ठाऊक आहे, एक त्याला सोडून. मग त्यानं उरलेले सगळे चिंचोके मधे सारले.

"टाका, अप्पा. तुमच्याकडं काय न्हाई."

"नसंना! त्र्याण्णवला भूकंपात गिरणी भुईसपाट झाली, तवा माझ्या बापाकडं काय व्हतं?" त्याला आवाज चढवायचा होता, पण तो मधेच फाटला. "मला टाकता येत न्हाई रे, बाळा. काय करू मी?"

अमरेश बापाकडं बघत राहिला. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. शेवटी त्यानं आपले दोन्ही पत्ते पालथे टाकले.

"जिंकलात."

"बघ गं!" शरणप्पानं मांडीवर थाप मारली. "दुर्री आन् सत्ती! नुसत्या दमावर जिंकलो. धरून ठिवलं की होतंय, सांगत नव्हतो?"

उमाबाई कसंनुसं हसली. अमरेश भिंतीकडं तोंड करून फॉर्म भरायला बसला.

शरणप्पा पत्ते गोळा करू लागला. पोरानं टाकलेले दोन त्यानं सहज उलटले. दोन्ही एक्के.

त्यानं पोराकडं पाहिलं. पोरगं अजून नावच लिहीत होतं, सहीला अजून अवकाश होता. थांब म्हणायला वेळ पुष्कळ होता. शरणप्पानं ते एक्के कॅटच्या मधोमध सारले आणि पत्ते पिसायला लागला.

"अक्षर चांगलं काढ," तो म्हणाला.