बारकीचा चौक

उधवा गावची बायजी म्हणजे गाणी म्हणून लग्नं लावणारी धवलेरी. ती गायला लागली की दावणीचे बैल रवंथ करायचे विसरत, असं लोक शपथेवर सांगत. नात प्राजक्ता मुंबईची सहल ठरवत होती: आधी संग्रहालय, मग कवींची घरं, जुनं ग्रंथालय.

"बारकीआत्यानं तांदळाच्या पिठानं चितारलेला लग्नाचा चौक संग्रहालयात आहे, आजी. काचेत."

बायजीनं पिशवीत हळद-तांदूळ भरले. "बाकीचं तू बघ. मी तिथंच बसेन."

"दिवसभर?"

"माझी पोर लग्नाआधीच वारली. चौक तिचा तिनंच काढून ठेवलाय. पण धवलेरीच्या गाण्यांशिवाय चौकात लग्नाची देवी येत नाही."

प्राजक्तानं फोनवर वेळ पाहिली. "पाचला बंद करतात गं."

"मग देवीला सांगेन, आज जरा लवकर ये."