उन्हाची बाजू

“उन्हाच्या बाजूची दे,” फोटोकाका म्हणाले. “खिडकी मला, आणि तिला माझ्या शेजारची, मधली.”

विमानाची तिकिटं काढणाऱ्या मुलाचं फोनवरचं बोट तिथेच थांबलं. गेला अर्धा तास बाप त्याला खोदून खोदून विचारत होता. विमानाचं तोंड कुठल्या दिशेला असतं, सूर्य तेव्हा किती खाली आलेला असेल, ऊन कुठल्या अंगाने आत येईल. बाबा आईसाठी सावली शोधताहेत असं समजून त्यानेही हौसेने सगळं सांगितलं होतं. विमान दक्षिणेला जाणार, वेळ दुपार कलल्यावरची, म्हणजे ऊन उजवीकडून. डावीकडे सावली, आणि डोंगरांची रांगही डावीकडेच. डावी खिडकी आईला, हे त्याने मनात ठरवूनही टाकलं होतं.

“बाबा, खिडकी आईला हवीय. केव्हाची म्हणतेय ती.”

“ऐकलंय मी,” काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. म्हणजे विषय संपला.

काकू आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्या कानावर सगळं आलं. लेकीच्या नव्या घरी जायचं ठरल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. ढगांचं पोट जन्मभर बघितलं, आता एकदा पाठ बघायचीय, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. विमानात बसायची ही पहिलीच वेळ, आणि या वयात कदाचित शेवटचीही. दागिना नाही मागितला, कधी लुगड्यापातळाचा हट्ट नाही केला. एक खिडकी मागितली, तर ती यांनाच हवी.

बरं, ज्याला बाहेरचं काही दिसतं त्याला तरी हवी असावी. काकांच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेला म्हणून तर बाजारातला फोटो स्टुडिओ बंद करावा लागला होता. आता भरपूर उजेड असला तर हातभर अंतरावरचं काय ते दिसायचं. त्यापलीकडे सगळं धुकं. घरातल्या अंधुक खोल्यांत तर काकूंना ते पावलांच्या आवाजावरून ओळखायचे. खिडकीबाहेरचे ढग काय आणि डोंगर काय, त्यांना सारखेच.

त्या संध्याकाळी भांडी जरा जास्तच वाजली. दुसऱ्या दिवशी शेजारणीपाशी त्यांनी मन मोकळं केलं. शेजारीण म्हणाली, म्हातारपणी पुरुषमाणसं अशीच होतात, लहान मुलासारखी. काकूंना ते पटलं नाही. लहान असल्यासारखे ते तरुणपणीही कधी वागले नव्हते.

विमान उडालं तेव्हा काकूंनी मान लांब करून पाहिली. नवऱ्याचं डोकं आणि कान, एवढंच दिसलं. विमान वर जाऊन सरळ झालं आणि ऊन तिरपं आत आलं. त्या बाजूच्या सगळ्यांनी भराभर खिडक्यांची झाकणं खाली ओढली. काकांनी आपली तेवढी सताड उघडी ठेवली. काकूंनी पदर कपाळावर ओढून घेतला.

हवाईसुंदरीच्या ते लक्षात आलं. ती वाकून म्हणाली की आजींना ऊन लागत असेल तर पलीकडे खिडकीची जागा रिकामी आहे. सावली आहे, आणि डोंगर अगदी स्वच्छ दिसताहेत.

काकूंनी पट्टा सोडला. रांगेतल्या कडेच्या जागेवर कुणी नव्हतं, वाट मोकळी होती.

“मी तिकडे बसते हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बघत बसा तुमचं ऊन.”

“जा की,” काका म्हणाले. “जराशाने जा.”

ते वळून बसले होते. आता काकूंच्या ध्यानात आलं की ऊन आत आल्यापासून ते असेच बसलेत, काचेला पाठ लावून. बाहेर त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. स्टुडिओतही ते असेच उभे राहायचे. मोठी खिडकी त्यांच्या पाठीशी, आणि गिऱ्हाईक समोर उजेडात. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुली काकूंनी केस विंचरून, पदर सारखा करून त्या उजेडात बसवल्या होत्या, आणि झटकन बाजूला झाल्या होत्या.

“घरी तू उन्हात थांबतेस कुठे?” काका म्हणाले. “कपडे वाळत टाकलेस की पळालीस. म्हटलं, इथे तरी पट्ट्याने बांधलेली असशील.”

“बांधून काय करायचंय मला?”

“बघायचंय. डोळे आहेत तोवर.” मग म्हणाले, “येताना खिडकी तुझी. सावलीतली.”

काकू उभ्याच होत्या. पलीकडच्या खिडकीत डोंगर निळेशार दिसत होते, आणि त्यांच्यावर ढगांच्या पाठी, पिंजलेल्या कापसासारख्या. त्यांनी ते एकदा डोळे भरून पाहिलं. मग खाली बसल्या आणि पट्टा पुन्हा लावला.

काकांनी खांदा थोडा मागे घेतला. ऊन काकूंच्या तोंडावर आलं. त्यांनी पदर कपाळावरून मागे सारला आणि उगाचच कानावरची बट सारखी केली. इतकी वर्षं दुसऱ्यांना बसवलं, पण स्वतः कसं बसायचं ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

“फार म्हातारी झालेय ना मी?” त्यांनी विचारलं.

काका पुढे वाकले. बटण दाबण्याआधी पाहायचे तसं, घाई न करता, त्यांनी पाहिलं.

“झालीयस,” ते म्हणाले. “हनुवटी जरा खाली घे.”