दहीभात मागायचा नाही

सूप.

दोन हजार तीन साली धारवाडजवळ उणकलला नवं हॉटेल निघालं. चिनी, थाई, इटालियन, सगळं एकाच छपराखाली. मेधाचं स्थळ सांगून आलं आणि तिचे आईवडील पुण्याहून मला बघायला आले, तेव्हा मी त्यांना तिथेच नेलं. धारवाडचा मुलगा जगात कुठे मागे नाही, हे दाखवायचं होतं.

माझ्या वडिलांना, अप्पांना, दारातच बजावलं, "काहीही खा, पण शेवटी दहीभात मागू नका. इज्जत जाते."

"बरं बाबा," अप्पा म्हणाले. "जीभ भाजली तरी मागत नाही."

मेन कोर्स.

मेनूकार्ड न उघडताच मी सगळ्यांसाठी झणझणीत थाई करी मागवली. "दर शनिवारी इथेच असतो मी," मेधाच्या वडिलांना सांगितलं. "आपल्याला असलंच लागतं बुवा." ते खूश दिसले. अप्पा डोळे पुसत, नाक ओढत मुकाट जेवले.

डेझर्ट.

कुणी काही मागवायच्या आत वेटर आला. दहीभाताची वाटी माझ्यापुढे ठेवून कन्नडमध्ये म्हणाला, "सर, तुमचा नेहमीचा." पुणेकरांना कन्नड कळलं नाही, पण दहीभात दिसला. मेधाच्या आईच्या भुवया वर गेल्या.

अप्पांना कन्नड कळत होतं. त्यांनी वाटी स्वतःकडे ओढली. "माझा हो तो. मीच सांगून ठेवला होता. म्हाताऱ्याची खोड, दुसरं काय!"



आणि माझी जीभ जळत असताना, माझ्याकडेच बघत, त्यांनी तो शितन् शीत चवीने संपवला.