धाकट्याचं शेवटचं वाक्य

धाकटा काही केल्या मरत नव्हता. सकाळपासून तिने त्याला कितीदा तरी मारून पाहिलं. काचेपलीकडे दिग्दर्शक दर वेळी मान हलवायचा आणि ‘पुन्हा’ म्हणायचा. एरवी ती एका दमात काम उरकणारी बाई. आज मात्र एक वाक्य काही केल्या जमत नव्हतं.

धाकटा म्हणजे ती ज्याला मराठीत आवाज द्यायची तो, जपानी अ‍ॅनिमे कार्टून मालिकेतल्या तलवारबाज नायकाचा लहान भाऊ. तसा दुय्यमच. थोरल्याच्या मागे पळायचं, ‘मी पण येतो’ म्हणायचं आणि थोरला गेला की दारात बसून राहायचं, एवढंच त्याचं काम. पण पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. इमारतीतली कार्टी या चाळिशीच्या बाईला जिन्यात ‘ए धाकट्या’ म्हणून हाक मारायची. आता मालिका शेवटाकडे आली होती. थोरल्याचं रक्त खवळायला हवं, म्हणून धाकट्याने मरायला हवं. या मालिकांचं हे असंच असतं. नायकाला राग यावा म्हणून कुणातरी गरिबाचा बळी जातो.

तो आवाज तिचा नव्हताच मुळी. तिच्या मुलाचा होता. आवाजाच्या निवडीच्या दिवशी तिने तो घरातूनच उचलला होता. बारमाही चोंदलेलं नाक, प्रश्न विचारण्याआधी गिळलेला आवंढा, सगळं जसंच्या तसं. मुलगा चिडायचा. माझा आवाज परत दे म्हणून हटून बसायचा. मग ती त्याचं नाक चिमटीत धरून आवाज परत आत घातल्यासारखं करायची, आणि तो खदखदून हसायचा.

मुलगा गेला त्या दिवशी ती इथेच होती, याच माईकसमोर. सकाळी नुसता ताप होता. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि नवरा म्हणाला, तू जा, मी आहे ना. दारावरचा लाल दिवा लागला की आत कुणी यायचं नाही आणि फोन बाहेरच्या टोपलीत ठेवायचे, हा स्टुडिओचा नियम. टोपलीत फोन वाजत राहिला. ती पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवटी काय म्हणाला तो, असं तिने विचारलं. ‘झोप येतेय’ म्हणाला आणि झोपला, असं नवऱ्याने सांगितलं. त्या दोन शब्दांवर ती आजवर तग धरून होती.

तेव्हापासून घरात बोलणं म्हणजे दूध आणलं का आणि दार लावलं का. फक्त आठवड्यातून एकदा, मालिकेच्या वेळेला, नवरा चष्म्याच्या दुकानातून लवकर यायचा, टीव्हीचा आवाज मोठा करायचा आणि डोळे मिटून बसायचा. चित्रं त्याला नकोच असायची. तेवढा वेळ घरात मुलगा बोलायचा. धाकटा मेला की तेही बंद. तिला याचीच धास्ती होती. म्हणून गेल्या आठवड्यात तिने लाज सोडून दिग्दर्शकाला विनवलं होतं, की त्याला नुसतं जखमी ठेवा. माणूस भला होता, पण करणार काय? चित्रं कधीच तयार होऊन आलीत, आपल्या हातात फक्त आवाज आहे, असं म्हणाला.

तिने कागदावरचं वाक्य पुन्हा वाचलं. थोरल्याच्या खांद्यात तोंड खुपसून धाकट्याने सूड, शपथ, रक्त असं बरंच काही बोलायचं होतं.

“लहान मुलं असं मरत नाहीत,” ती म्हणाली.

दिग्दर्शकाने हातातला कागद खाली ठेवला. तिच्या घरचं त्याला ठाऊक होतं. शेवटी मशीनवर बसलेल्या म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकानेच तोड काढली. इथे पोराचे ओठ दिसत नाहीत, तो म्हणाला, त्याच्या तोंडी काहीही घातलं तरी खपेल.

ती माईकजवळ सरकली. आवंढा गिळला.

“दादा, झोप येतेय.”

धाकटा मेला. या वेळी कुणी ‘पुन्हा’ म्हटलं नाही. ध्वनिमुद्रक उगाच चष्मा पुसत बसला. ज्या खोलीत वेळेवर पोहोचता आलं नाही, तिथे आज जाऊन आलो, असं तिला वाटलं. बाहेर येऊन टोपलीतला फोन तिने पहिल्यांदाच न घाबरता उचलला.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी, आज टीव्ही नको, असं तिने सांगून पाहिलं. नवऱ्याने ऐकलं नाही. आवाज मोठा केला, डोळे मिटले. मग तीही शेजारी बसली. किती महिन्यांनी कोण जाणे, तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्या वेळी त्याने हे एकट्याने ऐकलं होतं. आता दोघं मिळून ऐकू, मिळून रडू आणि मग कदाचित बोलूही, असं तिच्या मनात होतं.

“दादा, झोप येतेय,” मुलगा म्हणाला.

नवऱ्याने डोळे उघडले. टीव्ही बंद केला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचा हात त्याने हळूच उचलून तिच्याच मांडीवर ठेवला.

“ते मी बनवून सांगितलं होतं गं, तुला जगता यावं म्हणून,” तो म्हणाला. “तो झोपला नाही. आईचं रेकॉर्डिंग संपलं का, संपलं का, असं शेवटपर्यंत विचारत होता.”