गिरणी

सून घरीच बसून घरांचे नकाशे काढते. तिच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा दिवसभर घरघरायचा. मी त्याला गिरणी म्हणायचे आणि "काय गं, आज किती दळलंस?" असं तिला चिडवायचे.

मुलाने ते मनावर घेतलं आणि दुसरं कार्ड आणलं. तेही वापरलेलं, स्वस्तातलंच, पण दुप्पट वेगाचं आणि बिनपंख्याचं.

"जुन्यावर एक खोली उमटेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. यावर अख्खं घर गरागरा फिरतं," तो म्हणाला. "आणि आई, आवाज अजिबात नाही."

"सुटले बाई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घर चिडीचूप. डोळे गेल्यापासून भिंत हीच माझी काठी. ती धरून मी सुनेच्या दारापर्यंत गेले. "आहेस ना गं?"

"आहे हो, आई."

थोड्या वेळाने पुन्हा गेले. दुपारी गेले तेव्हा चौकटीवर कपाळ आपटलं. सुनेने बर्फ लावला.

संध्याकाळी मुलगा आला, तेव्हा गिरणी सुरू होती.

"अगं, जुनं परत का बसवलंस? कामं रखडतील तुझी."

"रखडू देत थोडी. नवं वेगवान आहे, पण मी घरात आहे हे ते आईंना सांगत नाही."

मला हात जोडावेसे वाटले. पण सासूने हात जोडले तर सून घाबरायची, म्हणून माझ्या खोलीतूनच म्हणाले, "दळ बाई, सावकाश दळ. मी जरा पडते."