दारापुढचं डांबर

जुनं डांबर उखडून पुन्हा वापरायचं, तर त्यात गाड्यांचं वापरलेलं ऑइल मिसळतात. कडक झालेलं डांबर त्याने मऊ पडतं. गल्लीचा रस्ता झाला तेव्हा डांबराच्या प्लांटवर मिश्रण तपासणाऱ्या मुलीने घरून आणलेला एक कॅन स्वतःच्या हाताने त्यात ओतला. बाबा गेल्यावर त्यांची टॅक्सी विकली होती. तिच्यातून काढलेलं तेल तेवढं घरात उरलं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला, बाबांच्या घरी यायच्या वेळी, दारापुढचा रस्ता टिकटिक वाजायला लागला. लांबून आलेली गाडी बंद केल्यावर इंजिन निवताना वाजतं, अगदी तसा.

"डांबर आकसतंय," मुलगी म्हणाली.

"दमून आलेत," आई म्हणाली. "निवू दे जरा."

आज मुलीला परगावी नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. बॅग पायरीवर ठेवून ती रस्त्यावर आली. सकाळची थंडी मी म्हणत होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिने वाकून डांबरावर तळवा टेकवला. ते गरम होतं आणि बारीक थरथरत होतं.

"आई, बाहेर ये जरा."

"मी कशाला?" आई आतूनच हसली. "निघ आता. ताटकळत ठेवलेलं त्यांना खपत नाही, माहीत आहे ना?"

मुलगी बॅग घ्यायला वळली. बाबा असताना ती तिला कधी उचलावीच लागली नव्हती. तिने चपला घालेपर्यंत बॅग डिकीत गेलेली असायची.

पायरी रिकामी होती.