न उघडता दिसणारी ओळ

बियाणं कंपनीचं बातमीपत्र दुकानदारांना ईमेलनं पाठवायचं काम शीतलचं. कपाशीचा एक लॉट उगवत नव्हता, तो परत मागवायचा होता.

"ईमेल न उघडता जी ओळ दिसती, तिथं माझ्या सत्काराचं टाक. लॉटचं पार खाली," मालक म्हणाले.

"खालचं कुणी वाचत न्हाई, साहेब."

"मंग बराबरच हाय की!" ते हसले.

असल्या माणसाला आपण साहेब म्हणतो, याचीच तिला किळस आली. त्या ओळीत तिनं लिहिलं, 'कपाशीचा लॉट बारा विकू नका,' आणि त्यांच्यादेखत पाठवून दिलं.

"उद्यापासून येऊ नको!"

ती पर्स उचलत होती, तोच शहागडच्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, ईमेल अजून उघडलाबी न्हाई. गिऱ्हाईक त्याच लॉटची बॅग घेऊन निघाल्तं, दारातून माघारी बोलावलं."